धावपट्टीअलीकडची पिवळी रेघ : नाशिकमधील एका सुरक्षा-वर्गाचे परीक्षण

धावपट्टीवरील सुरक्षा या एकाच विषयाचा, विमान चालवायला शिकणाऱ्या मुलामुलींसाठीचा शनिवार-रविवारचा वर्ग नाशिकमध्ये गंगापूर रस्त्यावरील एका मार्गदर्शन केंद्रात भरतो. माझी मुलगी व्यावसायिक वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी लवकरच अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात जाणार आहे. तिच्यासोबत पालक म्हणून मलाही मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली. माझी सारी नोकरी ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, विमाने ओढून नेणाऱ्या आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या जमिनीवरच्या माणसांत झाली. त्यामुळे विषय मला परका नव्हता आणि वर्गाकडून माझी अपेक्षाही थोडी जास्तच होती. केंद्र लहान आहे आणि चालकांनी उणिवा दूर करण्याची मनापासून तयारी दाखवली आहे, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. गुणदोष मात्र हातचे न राखता लिहितो.

असा स्वतंत्र वर्ग हवाच कशाला, हा प्रश्न अनेक पालकांनी मला विचारला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षांत हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषय असतात. धावपट्टीवरील सुरक्षा त्यांत येते, परंतु एखादा नियम, एखादी आकृती, एखादा पर्यायी प्रश्न अशी विखुरलेली येते. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते आणि विद्यार्थ्यांचे सारे लक्ष त्या तासांकडे असते. जमिनीवरून विमान चालवत धावपट्टीपर्यंत नेणे हा त्यांना उड्डाणापूर्वीचा किरकोळ सोपस्कार वाटतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येप्रमाणे, उड्डाणासाठी आणि उतरण्यासाठी राखलेल्या संरक्षित क्षेत्रात विमान, वाहन किंवा माणूस चुकीने असणे म्हणजे धावपट्टीवरील अतिक्रमण. त्यासाठी टक्कर व्हावी लागत नाही, कोणाला खरचटावेही लागत नाही. विमानाचे नाक परवानगीविना, धावपट्टीच्या अलीकडे थांबण्यासाठी आखलेल्या पिवळ्या रेघेच्या पुढे गेले एवढे पुरते. ओझरसारख्या एकच धावपट्टी असलेल्या ठिकाणी वाढलेल्या मुलांना ही रेघ दिसायला सोपी वाटते. फिनिक्सचे डीअर व्हॅली हे लहान विमानांच्या वाहतुकीसाठी अमेरिकेतील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे. तेथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत आणि प्रशिक्षणाची विमाने एकामागोमाग एक सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मारत असतात. तेथे पहिल्यांदा एकट्याने विमान काढणाऱ्या विद्यार्थ्याला ती रेघ सापडणे, ओळखणे आणि तिच्याशी थांबणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे या वर्गाने पहिल्याच तासात ठसवले, आणि ते मला फार आवडले.

शिकवणारे दोघे आहेत. एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणतात, आणि दुसऱ्या एक फ्लाइंग इन्स्ट्रक्टर मॅडम. पहिल्या सकाळी मॅडमनी खुणा आणि फलक शिकवले. टॅक्सीवे, म्हणजे विमानाला धावपट्टीकडे नेणारा रस्ता, धावपट्टीला मिळतो तेथे चार पिवळ्या रेघा आडव्या आखलेल्या असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघांच्या बाजूला आपण असू तर परवानगीशिवाय पुढे जायचे नाही. तुटक रेघांच्या बाजूला असू तर आपण धावपट्टीवरून बाहेर पडत आहोत. येथवरचे पुस्तकात आहे. मॅडमनी पुढे विचारले की उतरल्यानंतर धावपट्टी मोकळी झाली असे टॉवरला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाला, केव्हा सांगायचे. बहुतेकांनी नाक रेघेपलीकडे गेले की, असे उत्तर दिले. शेपटीसकट अख्खे विमान रेघ ओलांडून गेल्यावरच धावपट्टी मोकळी होते, आणि मागे उतरणारा दुसरा विद्यार्थी आपल्या त्या एका वाक्यावर विसंबून असतो, हे त्यांनी इतक्या शांतपणे समजावले की वर्गात कोणाला वेगळे बजावून सांगावे लागले नाही. लाल पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे परवानगीविना पुढे जाण्यास मनाई, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे आपण उभे आहोत ती जागा, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे पुढील वाटेची दिशा, हेही झाले. रात्रीच्या दिव्यांचा भाग मात्र घाईत उरकला. टॅक्सीवेच्या कडेचे निळे, त्याच्या मध्यरेषेचे हिरवे, धावपट्टीच्या कडेचे पांढरे, एवढे सांगून झाले. लाल स्टॉप बार (रेघेशी आडवी लाल दिव्यांची ओळ) पेटलेला असताना तोंडी परवानगी मिळाली तरी तो ओलांडायचा नाही, आधी टॉवरला विचारायचे, हा मुद्दा मुलांपैकी एकीने प्रश्न विचारला म्हणून निघाला; तो मूळ पाठातच असायला हवा.

येथे छापील टिपणांविषयी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. टिपणे मजकुराच्या दृष्टीने उत्तम आहेत, परंतु ती काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर दिली जातात. ज्या विषयात लाल, पिवळा आणि काळा यांच्यातील फरकावर सारे अवलंबून आहे त्याच्या टिपणांत तिन्ही पाट्या राखाडी दिसाव्यात, हे पटण्यासारखे नाही. रंगीत छपाईचा खर्च फीमध्ये वाढवला तरी पालक आनंदाने देतील.

वर्गाचा खरा कस दुपारच्या सत्रात लागतो. सभागृहातील खुर्च्या भिंतीला लावून फरशीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी अख्खा विमानतळ आखलेला असतो: दोन समांतर धावपट्ट्या, त्यांना जोडणारे टॅक्सीवे, रेघेशी थांबण्याच्या जागा म्हणजे होल्डिंग पॉइंट, विमाने उभी करण्याची जागा म्हणजे ॲप्रन. प्रत्येक विद्यार्थी एक विमान होतो, हातात वॉकीटॉकी आणि दुसऱ्या हातात विमानतळाचा नकाशा घेऊन चालतो. सर पडद्याआड बसतात, म्हणजे त्यांना कोण कोठे आहे हे फक्त बोलण्यावरून कळते, जसे दाट धुक्यात नियंत्रकाला कळते. आवाज खऱ्या टॉवरसारखा भरभर येतो, मध्येच दोघे एकदम बोलतात आणि दोघांचेही कळत नाही, शाळेच्या विमानांची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची नावे, एकमेकांसारखी असल्याने एकाची सूचना दुसराच उचलतो. बघणाऱ्याला हा खेळ वाटेल, पण रेघेशी थबकायला पायांना जी सवय लागते ती फळ्यावरच्या आकृतीने लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रीडबॅकवर सरांचा कटाक्ष आहे. धावपट्टीवर जाणे, उतरणे, उड्डाण करणे, रेघेशी थांबणे, धावपट्टी ओलांडणे, तिच्यावरून उलट जाणे, यांपैकी कोणतीही सूचना मिळाली की ती धावपट्टीच्या क्रमांकासह आणि आपल्या कॉलसाइनसह परत म्हणून दाखवावीच लागते. ‘होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू फाइव्ह लेफ्ट’ (२५ डाव्या धावपट्टीच्या अलीकडे थांबा) या सूचनेला नुसते ‘रॉजर’ (ऐकले) म्हणणाऱ्या मुलाला त्यांनी जागेवर थांबवले आणि पुन्हा ॲप्रनवरून सुरुवात करायला लावली. शब्दांचा हा आग्रह कोठून आला, हे सांगताना त्यांनी २७ मार्च १९७७ च्या, टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दोन प्रवासी विमानांची टक्कर झालेल्या दुर्घटनेचा आधार घेतला. धुक्याने वेढलेल्या धावपट्टीवर केएलएम या विमान कंपनीच्या वैमानिकाने आपण ‘टेक-ऑफ’वर असल्याचे सांगितले, नियंत्रकाने त्यावर ‘ओके’ म्हणून पुढे थांबायला सांगितले, त्याच क्षणी पॅन ॲम या दुसऱ्या कंपनीचे विमानही बोलले आणि दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून नुसती शिट्टी ऐकू आली. पॅन ॲमचे विमान अजून त्याच धावपट्टीवर होते. ५८३ माणसे गेली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा आणि एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, हा नियम त्यानंतर रुळला. नियमामागचे कारण असे कळले की पाठांतराची गरज उरत नाही, हे मुलांच्या उरलेल्या दुपारच्या बोलण्यातून दिसत होते.

सशर्त परवानगीचा सरावही चांगला झाला. उतरण्याच्या अंतिम टप्प्यात असलेल्या अमुक विमानाच्या मागे धावपट्टीवर जा, अशी सूचना देताना ‘बिहाइंड’ हा शब्द सुरुवातीला आणि शेवटी असा दोनदा म्हणतात, म्हणजे एकदा निसटला तरी दुसऱ्यांदा पोहोचतो. परंतु शब्द पोहोचून भागत नाही. ते विमान नेमके कोणते हे डोळ्यांनी ओळखावे लागते. सरांनी मुद्दाम दोन विद्यार्थ्यांना एकापाठोपाठ उतरायला लावले, आणि तिसरा पहिले विमान गेल्याबरोबर रेघेपुढे निघाला. मॅडमनी त्याचा खांदा धरून त्याला डावीकडे पाहायला लावले, तेव्हा दुसरे विमान, म्हणजे इंदिरानगरची एक मुलगी, त्याच्यापासून चार पावलांवर होती.

या वर्गाची सर्वांत मोलाची गोष्ट मला येथेच सापडली. सर अधूनमधून जाणूनबुजून चुकीची किंवा अर्धवट सूचना देतात आणि कोण थांबून विचारतो ते बघतात. सिन्नरकडून आलेला, मराठी माध्यमात शिकलेला एक मुलगा सूचना न कळताही ‘ॲफर्म’ (होय) म्हणून पुढे चालू लागला, मग घुटमळला आणि पडद्याकडे वळून म्हणाला, “सर, शेवटचं नाही ऐकू आलं.” आतून उत्तर आले, “अरे, मला काय सांगतोस, टॉवरला विचार. ‘से अगेन’ म्हणायला पैसे पडत नाहीत.” त्याने रेडिओवर विचारले, आणि सरांनी तीच सूचना अर्ध्या वेगाने पुन्हा दिली. आपल्याकडच्या मुलांची ही अडचण मी जवळून पाहिली आहे. न कळलेले पुन्हा विचारले तर आपले इंग्रजी कच्चे ठरेल, या धास्तीने ती मान डोलावतात आणि पुढे सरकतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते हे खरे, परंतु पुन्हा विचारणे ही प्रमाणित रेडिओ-भाषेचीच पद्धत आहे, आणि ती वापरणाऱ्याला या वर्गात शाबासकी मिळते. दिवसाच्या शेवटी मॅडमनी ज्यांची नावे घेऊन कौतुक केले ते सारे असे होते, ज्यांनी कोठेतरी थांबून टॉवरला प्रश्न विचारला होता.

याच संदर्भात सरांनी दिल्लीचे उदाहरण दिले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी अहमदाबादहून आलेले विस्ताराचे विमान उतरल्यावर दुसरी धावपट्टी ओलांडायला निघाले होते आणि त्याच वेळी त्याच कंपनीच्या बागडोगऱ्याला जाणाऱ्या विमानाला त्या धावपट्टीवरून उड्डाणाची परवानगी मिळालेली होती. ओलांडणाऱ्या विमानाच्या महिला कप्तानाने नियंत्रकाला सावध केले आणि उड्डाण थांबवण्यात आले. परवानगी हाती असतानाही तिने मान वळवून पाहिले आणि बोलली. वर्गात मुली निम्म्याहून कमी होत्या. त्या दिवशी हा प्रसंग ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला माझ्या मुलीच्या बाबतीत तरी नीट ओळखता आले.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळी चुकीच्या धावपट्टीचा विषय होता. धावपट्टीचा क्रमांक हा तिच्या चुंबकीय दिशेचा दहाने भागलेला आणि पूर्णांकात आणलेला आकडा असतो, त्यामुळे विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर आणल्यावर होकायंत्र आणि क्रमांक जुळतात का, हे पाहायला दोन सेकंद लागतात. २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे कॉमएअरचे विमान पहाटेच्या अंधारात २२ क्रमांकाऐवजी आखूड अशा २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघाले आणि ५० पैकी ४९ जण मृत्युमुखी पडले. समांतर धावपट्ट्यांच्या बाबतीत मात्र होकायंत्र मदतीला येत नाही, कारण दोन्हींची दिशा एकच असते. नॉर्थ लास व्हेगास विमानतळावर १७ जुलै २०२२ रोजी ३० डाव्या धावपट्टीची परवानगी मिळालेले आणि तसे रीडबॅकही दिलेले पाइपर विमान ३० उजव्या धावपट्टीच्या रेषेत गेले आणि तेथे उतरणाऱ्या सेस्ना १७२ शी त्याची टक्कर झाली. दोन्ही विमानांतील चौघेही दगावले. रीडबॅक अचूक असूनही हे घडले, म्हणून बोललेले आणि केलेले एकच आहे की नाही हे वळण घेताना, सरळ रेषेत आल्यावर आणि उतरण्याआधी पुन्हा पाहायचे, हे मॅडमनी एकेका विद्यार्थ्याकडून फरशीवर करवून घेतले. ॲरिझोनाला जाणाऱ्यांसाठी याहून उपयुक्त तास मला सुचत नाही. विमान हलत असताना चेकलिस्ट वाचू नये, डोके खाली जाते आणि रेघ निसटते, हेही येथेच सांगितले गेले.

आता उणिवा. पहिली म्हणजे अमेरिकेतील पद्धतीला जेमतेम अर्धा तास मिळाला, आणि तोही जेवणाच्या सुट्टीला लागून. वर्गातील बरीच मुले तिकडेच जाणार असल्याने हे अपुरे आहे. तिकडे टॅक्सीची, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत नेण्याची, परवानगी मिळाली म्हणून वाटेतील धावपट्टी ओलांडायची मुभा मिळत नाही; जून २०१० पासून प्रत्येक धावपट्टीसाठी स्वतंत्र परवानगी द्यावी लागते. धावपट्टीवर जाऊन थांबण्यासाठी पूर्वी ‘पोझिशन अँड होल्ड’ म्हणत, ते सप्टेंबर २०१० पासून ‘लाइन अप अँड वेट’ झाले. तिकडचे जुने वैमानिक मात्र बोलण्याच्या ओघात पूर्वीचे शब्द वापरू शकतात. पुढचे विमान अजून धावपट्टीवर असतानाही मागच्याला उतरण्याची परवानगी तेथे देतात, जे आपल्याकडच्या शिकवणीत वाढलेल्याला दचकवते. परवानगी हातात असली तरी पुढचा हलला नाही तर गो-अराउंड करणे, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे, ही आपलीच जबाबदारी राहते, यावर सराव व्हायला हवा होता.

दुसरी उणीव माझ्या जिव्हाळ्याची आहे. दोन दिवसांत वाहनांचा उल्लेख व्याख्येपुरता आला. धावपट्टीच्या परिसरात विमानांइतकीच ट्रॅक्टर, पाण्याचे टँकर, गवत कापणारी माणसे, तपासणीची जीप यांची वर्दळ असते, त्यांचे चालक बहुतेकदा मराठी किंवा हिंदीत विचार करतात आणि रेडिओवर इंग्रजी ऐकतात. विद्यार्थी वैमानिकाला त्यांची नजर समजली तर रेघेपलीकडे वाहनावर दिसणाऱ्या पिवळ्या दिव्याचा अर्थ त्याला लवकर लागेल. धावपट्टीवर पडलेल्या वस्तूंविषयीही एक शब्द नाही. पॅरिसजवळ २५ जुलै २००० रोजी कॉन्कॉर्डचा टायर दुसऱ्या विमानातून पडलेल्या धातूच्या पट्टीने फाटला आणि त्यातून ११३ माणसांचा बळी गेला. लहान विमानातून उतरताना खिशातला पेन किंवा तेल तपासल्यावर हातातले फडके ॲप्रनवर राहू न देण्याची सवय याच वयात लागते. मी चालकांना सुचवले आहे की जमिनीवर काम केलेल्या एखाद्या निवृत्त माणसाला एक तास द्यावा. ओझरच्या परिसरात अशी माणसे शोधावी लागणार नाहीत.

तिसरी गोष्ट टॉवर नसलेल्या धावपट्ट्यांची. तेथे वैमानिकाला स्वतःच आपली जागा आणि हेतू घोषित करत राहावे लागते आणि ऐकणारा दुसरा कोणी नसला तरी ते चुकवायचे नसते. यावर पंधरा मिनिटांचे भाषण झाले, सराव नाही.

सिम्युलेटरविषयी थोडक्यात. केंद्रात एक खुर्ची, तीन पडदे आणि पेडल असा संच आहे आणि मुलांची तेथे रांग लागते. उड्डाणाच्या हातसवयीसाठी तो ठीक असेल, पण या विषयापुरता मला तो निरुपयोगी वाटला, कारण त्यातील इतर विमाने आणि टॉवरचा आवाज आधी भरून ठेवलेला आहे आणि तो तुमची वाट पाहतो. फरशीवरच्या विमानतळावर कोणी कोणाची वाट पाहत नव्हते. सिम्युलेटरचा तास काढून तो वेळ सशर्त परवानगीला द्यावा.

फी साडेचार हजार रुपये, त्यात दोन्ही दिवसांचे जेवण. बॅच वीस-बावीस जणांची असते. फरशीवरच्या सरावासाठी ती थोडी मोठी पडते, निम्मे चालत असताना निम्मे भिंतीशी उभे राहतात. ज्यांचा हवाई नियमांचा अभ्यास अजून सुरूच झालेला नाही त्यांनी इतक्यात नाव घालू नये, त्यांना शब्द पेलणार नाहीत. हवाई नियमांचे पुस्तक एकदा वाचून झालेले आणि पहिल्या एकट्या उड्डाणाला अजून न पोहोचलेले विद्यार्थी, तसेच गजबजलेल्या विमानतळावर शिकायला जाणारे सगळे, यांनी हा वर्ग जरूर करावा. येताना आपण जेथे शिकणार त्या विमानतळाचा नकाशा रंगीत छापून आणावा आणि तो पहिल्याच दिवशी सरांकडे द्यावा. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वेळ उरला तर ते तोच नकाशा फरशीवर आखून सराव घेतात, आणि ज्याचा नकाशा आधी येतो त्याचा विमानतळ आधी आखला जातो.